संकेतस्थळ देखणे आहे, तरी लोक फोन का करतात?

तुमचा प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडतो. एका लहान प्रशिक्षण संस्थेचे संकेतस्थळ तुम्ही सांभाळता. गेल्या दोन वर्षांत त्याचे रूप तीनदा बदलले. मुखपृष्ठावर सरकते बॅनर आले, पार्श्वभूमीला चित्रफीत आली, फॉन्ट आणि रंग नवे झाले. पाहणारे 'छान दिसते' असे आवर्जून सांगतात. तरीही २३ रकान्यांचा नोंदणी फॉर्म अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांची संख्या कमी होत नाही, आणि वर्गांच्या वेळा, प्रवेशाची शेवटची तारीख, लागणारी कागदपत्रे अशा संकेतस्थळावरच दिलेल्या गोष्टी विचारण्यासाठी रोज फोन येतात. आता चौथ्यांदा रूप बदलायचे ठरले असून त्यासाठी कोणती रंगसंगती आणि कोणती तयार थीम (संकेतस्थळाच्या रूपाचा आयता साचा) घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे.

रंग आणि थीम यांविषयी मी पुढे सांगणार आहे. पण तुमच्या प्रश्नातली सर्वांत मोलाची माहिती तुम्ही जाता जाता दिली आहे, ती म्हणजे रोज येणारे फोन. जो माणूस संकेतस्थळ उघडतो, तिथे शोधतो आणि मग फोन उचलतो, त्याला माहिती मिळाली नाही, किंवा मिळूनही तिच्यावर विश्वास बसला नाही, किंवा ती वाचून पुढे काय करायचे हे कळले नाही. या तिन्ही अडचणींवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि रंग बदलून यांतली एकही सुटत नाही. त्यामुळे माझ्या मते तुमचा खरा प्रश्न असा आहे की, आलेला माणूस ज्या कामासाठी आला ते काम करताना नेमका कुठे थांबतो, आणि ते आपल्याला कसे कळावे.

लोक कौतुकही करतात आणि फोनही करतात, यात विसंगती नाही. १९९५ साली जपानमध्ये मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा या संशोधकांनी एटीएमच्या पडद्यांच्या २६ वेगवेगळ्या मांडण्या लोकांना दाखवल्या, तेव्हा जी मांडणी लोकांना देखणी वाटली तीच त्यांना वापरायलाही सोपी वाटली. प्रत्यक्ष सोपेपणाशी या वाटण्याचा संबंध मात्र त्या मानाने बराच कमी होता. देखणेपणामुळे माणूस अडचण सोसून घेतो, ती बोलून दाखवत नाही. हा देखणेपणाचा गुणच आहे आणि मी तो कमी लेखत नाही, पण त्यामुळे 'छान दिसते' हा अभिप्राय पुरावा म्हणून निरुपयोगी ठरतो. तुमच्याकडे पुरावा फोनचा आहे, आणि तो बोलका आहे.

इथे एक गोष्ट आधीच मान्य करतो. सोपे संकेतस्थळ म्हणजे काय, याचे एकच उत्तर नाही. ते कोण येतो, कितीदा येतो आणि कशावरून येतो यावर अवलंबून असते. कार्यालयातला कर्मचारी जे पान दिवसभर उघडे ठेवून काम करतो, त्यावर माहितीची दाटी असली तरी चालते, किंबहुना असावीच, कारण त्याला प्रत्येक गोष्टीची जागा पाठ होते आणि जास्तीची पाने उलटणे त्याला नकोसे वाटते. तुमच्याकडे येणारा माणूस मात्र वर्षातून एकदा, कदाचित आयुष्यात एकदाच येणार आहे. त्याच्याकडून काहीही शिकण्याची अपेक्षा ठेवता येणार नाही. प्रत्येक पान त्याने पहिल्यांदाच पाहिलेले असणार, हे धरूनच ते रचावे लागेल. मी पुढे जे सांगणार आहे ते अशा संकेतस्थळाला धरून आहे.

पहिले काम म्हणजे फोनशेजारी एक वही ठेवा आणि दोन आठवडे प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्या. 'वेळापत्रकाविषयी चौकशी' अशी नोंद काही कामाची नाही. 'संध्याकाळचा क्लास किती वाजता सुटतो?' अशी नोंद हवी. त्या शब्दांत दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे लोकांना नेमके काय हवे आहे: तुम्ही वर्ग सुरू होण्याची वेळ दिली असेल, आणि विचारणाऱ्याला तो सुटण्याची वेळ हवी असेल. दुसरी म्हणजे लोक त्या गोष्टीला काय म्हणतात: तुमच्या मेन्यूत 'अध्ययन सत्रे' असे लिहिले असेल आणि सगळे जण 'क्लास' किंवा 'बॅच' म्हणत असतील. शोधणाऱ्याच्या मनात जो शब्द असतो तोच त्याचा डोळा पानावर हुडकत असतो. दुसरा कोणताही शब्द, मग तो कितीही शुद्ध आणि नेमका असो, त्याच्या नजरेतून निसटतो.

दुसरे काम अधिक अवघड आहे, पण त्याला पैसे लागत नाहीत. तुमच्या संस्थेशी संबंध नसलेली पाच माणसे शोधा, एकेकाला त्याच्याच मोबाइलवर संकेतस्थळ उघडायला सांगा आणि शेजारी बसून पाहा. पाचच का, हा प्रश्न रास्त आहे. १९९३ साली याकोब नील्सन आणि थॉमस लँडाउअर या संशोधकांनी मांडलेल्या गणितानुसार एक माणूस सरासरीने सुमारे ३१ टक्के अडचणी उघड करतो, पुढच्या माणसाला त्यांतल्या बऱ्याच पुन्हा भेटतात, आणि पाचव्यापर्यंत सुमारे ८५ टक्के अडचणी दिसून गेलेल्या असतात. हे आकडे सरासरीचे आहेत आणि येणारे सगळे साधारण एकाच प्रकारचे असतील तरच ते लागू पडतात. तुमच्याकडे विद्यार्थी आणि पालक असे दोन वेगळे गट येत असतील, तर प्रत्येक गटातली तीन-चार माणसे घ्या. माझा अनुभव असा की पहिल्या तिघांनंतरच सर्वांत मोठी अडचण इतकी ठळक दिसते की चौथ्याला बोलावण्याआधी ती दुरुस्त करावीशी वाटते, आणि तसे करण्यात काही चूक नाही.

बसताना दोन पथ्ये पाळा. काम सांगताना मेन्यूतला शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. 'नोंदणीवर जाऊन फॉर्म भरा' असे सांगितले की तुम्ही उत्तर सांगून मोकळे झालात. त्याऐवजी 'तुमच्या भावाला पुढच्या महिन्यापासून इथे शिकायचे आहे, त्याचे नाव घाला' असे सांगा. आणि त्यानंतर गप्प राहा. माणूस चुकीच्या पानावर गेला, बटण समोर असूनही वर-खाली स्क्रोल करत राहिला, तरी बोट दाखवू नका. हे फार जड जाते. इतक्या वर्षांनंतर आजही माझा हात आपोआप पुढे होतो आणि तो मला आवरावा लागतो. विचारायचेच असेल तर एवढेच विचारा: 'आत्ता तुम्ही काय शोधता आहात?'

अशाच एका बैठकीने माझी कामाची पद्धत बदलली. एका वाचनालयाचे संकेतस्थळ मी केले होते आणि वाचनालयाच्या वेळा मुद्दाम मुखपृष्ठाच्या अगदी वर, मोठ्या रंगीत सरकत्या बॅनरमध्ये दिल्या होत्या. एका वयस्कर बाईंना मी वेळ शोधायला सांगितली. त्या बॅनरवरून तीनदा खाली गेल्या, 'आमच्याविषयी' उघडून पाहिले, 'संपर्क' उघडून पाहिले आणि शेवटी म्हणाल्या, 'वेळ दिलेली नाही.' मी बॅनर दाखवल्यावर त्या म्हणाल्या, 'ती जाहिरात असेल असे वाटले, म्हणून मी तिकडे पाहिलेच नाही.' लोकांना जाहिरातीसारख्या दिसणाऱ्या गोष्टीवरून नजर फिरवण्याची सवय लागलेली असते. जितके तुम्ही रंगवाल, हलवाल, मोठे कराल तितकी ती गोष्ट जाहिरातीसारखी दिसते आणि तितकीच ती नजरेआड होते. तीच वेळ साध्या मजकुरात, 'आज उघडे : सकाळी ९ ते रात्री ८' अशी लिहिल्यावर पुढच्या प्रत्येकाला ती सापडली.

तुमच्या सरकत्या बॅनरविषयी म्हणूनच माझे मत स्पष्ट आहे: तो काढा. त्यातला मजकूर वाचून होण्याआधी सरकतो, मागे आणावा तर बाणाचे बटण सापडत नाही, आणि अक्षरे चित्रातच कोरलेली असल्यामुळे ती स्क्रीन रीडरला (अंध व्यक्तींना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला) वाचता येत नाहीत, मोबाइलवर बारीक होतात, आणि त्यांतला फोन नंबर धड कॉपीही करता येत नाही. संस्थेतल्या वरिष्ठांचा आग्रह असेल आणि ठेवावाच लागला, तर निदान थांबवण्याचे बटण ठळक द्या. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलत राहणारी गोष्ट इतर मजकुरासोबत असेल तर ती थांबवण्याची सोय असलीच पाहिजे, असे डब्ल्यूसीएजी ही सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात.

आता मेन्यूकडे वळतो. संस्थेच्या आतल्या रचनेवरून मेन्यू करणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, आणि ती मीही अनेकदा केली आहे. प्रत्येक विभागप्रमुखाला आपल्या विभागाचे नाव वर हवे असते; बाहेरून येणाऱ्याला मात्र विभाग माहीतच नसतात, त्याला आपले काम माहीत असते. वहीतले प्रश्न लहान चिठ्ठ्यांवर लिहा आणि चार-पाच जणांना त्या चिठ्ठ्यांचे स्वतःला पटतील असे गठ्ठे करायला सांगा. मग प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्यायला सांगा. तुम्ही आठवडाभर चर्चा करून जो मेन्यू ठरवला असता त्याहून चांगला मेन्यू अर्ध्या तासात समोर येतो. कोणतीही गोष्ट तीन क्लिकच्या आत सापडलीच पाहिजे, असा नियम तुम्ही ऐकला असेल. त्याच्या मागे लागू नका. माणूस पाच क्लिकही आनंदाने करतो, प्रत्येक क्लिकनंतर आपण योग्य वाटेवर आहोत असे त्याला वाटत असेल तर. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९० च्या दशकात हेच दाखवून दिले: प्राणी जसा वासावरून भक्ष्याचा माग काढतो तसा माणूस लिंकच्या शब्दांवरून पुढे काय मिळेल याचा अंदाज घेतो, आणि वास मंदावला की वाट सोडून देतो. 'अधिक माहिती' किंवा 'येथे क्लिक करा' या लिंकला कसलाच वास नसतो. 'प्रवेशासाठी लागणारी कागदपत्रे' हिला असतो. शिवाय स्क्रीन रीडर वापरणारे अनेक जण पानावरच्या फक्त लिंकची यादी ऐकतात. त्या यादीत ओळीने बारा वेळा 'येथे क्लिक करा' ऐकू आले तर त्यांनी काय समजायचे?

तीन आडव्या रेघांच्या खुणेमागे मेन्यू लपवण्याची पद्धत मोबाइलवर आता रुळली आहे. ही खूण जुनी आहे, झेरॉक्सच्या १९८१ सालच्या स्टार या संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी ती काढली होती. पण ती सगळ्यांना कळते असे धरून चालू नका. तिच्याशेजारी 'मेन्यू' हा शब्द लिहा, आणि वहीत सर्वांत जास्त वेळा आलेल्या तीन-चार कामांची बटणे मेन्यूत न लपवता मुखपृष्ठावर उघडी ठेवा. मोठ्या पडद्यावर जागा भरपूर असताना मेन्यू लपवण्याचे तर काहीच कारण नाही.

वेगाविषयी थोडे. रॉबर्ट मिलर या संशोधकांनी १९६८ साली संगणकाच्या प्रतिसादाला लागणाऱ्या वेळेचा विचार मांडला, आणि पुढे नील्सन यांनी १९९३ मध्ये तीन मर्यादा ठळक केल्या. ०.१ सेकंदाच्या आत झालेली गोष्ट आपण स्वतः केल्यासारखी वाटते. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. यंत्रे बदलली तरी हे आकडे जवळजवळ तसेच राहिले, कारण ते माणसाच्या मनाचे आहेत. गूगलने ठरवलेले आजचे मोजमाप असे आहे: पानावरचा मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसावे, टॅप केल्यावर पडद्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा, आणि लोड होताना पानावरच्या गोष्टी जागेवरून हलू नयेत. हे तुमच्या कार्यालयातल्या संगणकावर मोजून उपयोग नाही. प्रत्यक्ष भेटींपैकी किमान ७५ टक्के भेटींत ते साधले पाहिजे. एखादा साधा, काही वर्षे वापरलेला मोबाइल घ्या, नेटवर्क कमजोर असेल अशा जागी उभे राहा आणि आपले पान उघडा. पार्श्वभूमीची चित्रफीत का काढायची, हे मग मला सांगावे लागणार नाही. चित्रे वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या फाइल-प्रकारांत, पडद्यावर दिसतील त्याच्या जवळपासच्या आकारात ठेवली की बरेचसे ओझे उतरते. चित्राची लांबी-रुंदी एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, नोंदवायला विसरू नका. ती नसेल तर चित्र उशिरा येते, मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचणाऱ्याचे बोट जे बटण दाबायला निघालेले असते त्याच्या जागी दुसरेच बटण आलेले असते. या एका गोष्टीने माणूस जितका वैतागतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाने वैतागत असेल.

इथवरचा मजकूर माहिती सापडण्याविषयी होता: वही, पाच माणसे, लोकांचे शब्द, हलके पान. तुमच्या फोनपैकी बहुतेक इथेच कमी होतील. अर्ध्यावर सुटणारा फॉर्म ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण वाचणारा चुकला तर परत येतो, पण फॉर्म भरताना दुखावलेला माणूस सहसा परत येत नाही.

२३ रकान्यांची यादी कागदावर काढा आणि प्रत्येकापुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहा: हे उत्तर संस्थेत कोण वाचणार, आणि कधी वाचणार? ज्यापुढे नाव लिहिता येत नाही तो रकाना काढून टाका. ज्यापुढे 'प्रवेश पक्का झाल्यावर' असे लिहावे लागते तो प्रवेश पक्का झाल्यावरच विचारा. एका संस्थेच्या अशा फॉर्ममध्ये 'फॅक्स क्रमांक' हा रकाना होता. कारण विचारले तेव्हा कळले की तो जुन्या छापील फॉर्मवरून आला होता आणि काढायला कोणी सांगितले नव्हते. तुमच्या फॉर्ममध्येही असे काही सापडेल. पालकांचा व्यवसाय, दुसरा पत्ता, 'आमच्याविषयी कुठून कळले' हे सगळे पहिल्या भेटीत विचारण्याची गरज नसते. कागदपत्रे लागणार असतील तर फॉर्म सुरू होण्याआधीच त्यांची यादी द्या. सतराव्या रकान्याला आल्यावर 'दाखल्याची प्रत जोडा' असे दिसले, तर माणूस दाखला आणायला उठतो आणि तो परत येईपर्यंत पान बंद झालेले असते.

जे रकाने उरतील ते एकाखाली एक, एकाच स्तंभात ठेवा, आणि प्रत्येकाचे नाव रकान्याच्या वर, कायम दिसेल असे लिहा. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत नाव लिहिण्याची जी टूम आहे ती सोडून द्या. टाइप करू लागताच ते नाव नाहीसे होते, मध्येच फोन वाजला की आपण काय भरत होतो ते आठवत नाही, आणि काहींना ती फिकट अक्षरे म्हणजे आधीच भरलेले उत्तर वाटते. फोन नंबरच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्ड उघडावा अशी सोय एचटीएमएलमधल्या एका गुणधर्माने होते. नाव, ईमेल आणि पत्ता ब्राउझरला आपणहून भरता यावा म्हणून 'ऑटोकम्प्लीट'चे योग्य गुणधर्म द्या. रकान्यातली अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका. ती लहान असली की आयफोनवर रकान्यात बोट ठेवताच सगळे पान मोठे होते आणि भरणाऱ्याला प्रत्येक वेळी ते मागे ओढावे लागते.

माणसाने लिहिलेले समजून घेणे हे संगणकाचे काम आहे. फोन नंबरात कोणी मध्ये जागा सोडेल, कोणी आडवी रेघ देईल. ते सारे स्वीकारा आणि नको ते चिन्ह मागच्या मागे काढून टाका. मराठी संकेतस्थळ असेल तर आणखी एक गोष्ट हमखास तपासा: कोणी ९ हा आकडा देवनागरीत टाइप केला तर तुमचा फॉर्म तो घेतो का? मी पाहिलेले बहुतेक फॉर्म तो नाकारतात आणि वर 'कृपया वैध क्रमांक टाका' असे सांगतात. मराठीत फॉर्म देऊन मराठी आकडा अवैध ठरवणे हे मला नुसते चुकीचे वाटत नाही, ते अपमानकारक वाटते. आणि दुरुस्ती तर दोन ओळींची असते.

चुकीची सूचना ज्या रकान्यात चूक झाली त्याच्याशेजारीच, काय चुकले आणि काय करायचे हे सांगणाऱ्या शब्दांत हवी. 'अवैध इनपुट' हे वाक्य कोणाच्याच उपयोगाचे नाही. 'जन्मतारीख पुढच्या वर्षातली आहे, वर्ष तपासा' हे वाक्य उपयोगाचे आहे. रकाना नुसता लाल करून भागत नाही, कारण लाल आणि हिरवा वेगळे न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, थोडेथोडके नाहीत. सूचना माणूस टाइप करत असतानाच दाखवू नका. अर्धा ईमेल लिहून झालेला असताना 'हा पत्ता चुकीचा आहे' असे ओरडणे म्हणजे बोलणाऱ्याचे वाक्य मध्येच तोडणे होय. तो रकाना सोडून पुढे गेला की मग सांगा. आणि काहीही झाले तरी भरलेली माहिती पुसू नका. एका बैठकीत एका तरुणाने वीस मिनिटे घालून फॉर्म भरला, पाठवला, एका तारखेची चूक दाखवत पान परत आले, आणि सगळे रकाने कोरे होते. तो काही बोलला नाही. त्याने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. तुमच्याकडे अर्ध्यावर सुटणाऱ्या फॉर्ममागे असे काही घडत नाही ना, हे आजच तपासा.

शेवटच्या बटणावर 'सबमिट' ऐवजी 'नोंदणी पाठवा' असे लिहा, आणि सगळे पुसून टाकणारे 'रीसेट' हे बटण शेजारी असेल तर ते काढा. आजवर ते कोणाला हवे होते असे मला आढळलेले नाही, चुकून दाबणारे मात्र बरेच आढळले. बटणे बोटाला सहज सापडतील एवढी हवीत. लक्ष्य जितके लहान आणि लांब तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त लागतो, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मोजून दाखवले होते. डब्ल्यूसीएजीची २०२३ मध्ये आलेली २.२ ही आवृत्ती किमान २४ बाय २४ पिक्सेल मागते, पण मी मुख्य बटणांसाठी ४४ पिक्सेलच्या खाली जात नाही. फॉर्म पाठवल्यावर नुसते 'धन्यवाद' दाखवू नका. नोंदणी मिळाली, तिचा क्रमांक हा, संस्थेकडून अमुक दिवसांत कळवले जाईल, तोवर काही करण्याची गरज नाही, एवढे सांगितले की 'माझा फॉर्म पोहोचला का?' असे विचारणारे फोन थांबतात.

आता रंग आणि थीम. रंग तुमच्या संस्थेला शोभेल तो घ्या. मला कोणताही रंग वर्ज्य नाही. अट एवढीच की मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) साध्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ : १ असावा, तो मोजून देणारी मोफत साधने सहज मिळतात. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे डिझायनरच्या पडद्यावर सुरेख दिसतात, पण उन्हात उभे राहून वाचणाऱ्याला ती दिसतच नाहीत. बटणाचा रंग एकच ठरवा आणि तो दुसऱ्या कशालाही वापरू नका, म्हणजे त्या रंगाची गोष्ट दाबायची असते हे न सांगता कळते.

फॉन्टबाबत, देवनागरीला इंग्रजी अक्षरांचे नियम लावू नका, आणि बहुतेक तयार थीम नेमके तेच करतात. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींमधले अंतर अक्षराच्या उंचीच्या १.६ ते १.८ पट ठेवावे लागते. इंग्रजीसाठी ठरवलेल्या १.४ मध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षरांमध्ये जागा सोडण्याची शैली थीममध्ये असेल तर ती बंद करा, कारण तिने शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. तिरकी अक्षरे टाळा, ठळक करणे पुरेसे असते. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद एचटीएमएलमध्ये करा. त्यामुळे स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो, आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श यांची मराठी वळणेही दिसतात. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' या नावांचे मोफत फॉन्ट वाचायला चांगले आहेत. मात्र त्यांची सगळी वजने (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) न घेता साधे आणि ठळक अशी दोनच घ्या, नाहीतर फॉन्टच्याच फायली पान जड करतात.

थीम निवडताना तिचे नमुना पान मोबाइलवर उघडून वेग मोजा, आणि माउसला हात न लावता फक्त कीबोर्डच्या टॅबने सगळीकडे जाता येते का, आणि आपण कुठे आहोत हे दिसते का, ते पाहा. या दोन चाचण्यांत निम्म्याहून अधिक थीम बाद होतील. तरीही माझा सल्ला असा की चौथ्यांदा सगळे एकदम बदलू नका. सगळे एकदम बदलले की कशामुळे फरक पडला ते कळत नाही. आधी बॅनर आणि चित्रफीत काढा, मेन्यूतले शब्द बदला, फॉर्म लहान करा, थीम त्यानंतर. पानांचे पत्ते बदलले तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप नेणारी कायमची वळणवाट (रीडायरेक्ट) लावून द्या, कारण लोकांनी ते पत्ते एकमेकांना पाठवलेले असतात.

फॉर्म अर्ध्यावर सोडणाऱ्याने शेवटी कोणता रकाना भरला याची नोंद आजपासूनच ठेवायला सुरुवात करा. त्यासाठी उत्तरांचा मजकूर साठवण्याची गरज नाही आणि तो साठवूही नये, फक्त रकान्याचे नाव पुरे. बदल केल्यानंतर दोन महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे फोनशेजारी वही ठेवा. आधीच्या वहीतले कोणते प्रश्न नाहीसे झाले आणि कोणते तसेच आहेत, आणि सोडून जाणारे आता कोणत्या रकान्याशी थांबतात, हे कळवलेत तर पुढचा बदल कोणता करायचा ते मी नेमकेपणाने सांगू शकेन.